डावी काच

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आज सहा खोकी आली. प्रत्येक खोक्यात एक चष्मा. पोहताना घालतात तसा दिसतो, फक्त काळा, जाड आणि डोक्याला पट्टा. तो घातला की समोरच्या रिकाम्या टेबलावर अख्खा माणूस दिसतो म्हणे. कातडी काढा, स्नायू काढा, आतडी बाजूला करा, पुन्हा सगळं जागच्या जागी ठेवा. ना फॉर्मॅलिनचा वास, ना हातमोजे.

हा उद्योग डॉ. आफ्रिये जुम्फोचा. माझीच विद्यार्थिनी, आता माझ्याच शरीररचना विभागात तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवते. प्राचार्या बोअटेमांनी मला बोलावून सांगितलं, "प्रोफेसर, तुम्ही तीन आठवडे वापरून बघा आणि अहवाल द्या. सत्तावीस तारखेला समिती बसेल. तुम्ही हो म्हणालात तर चष्मे राहतील आणि आफ्रियेची नेमणूक पक्की होईल. नाही म्हणालात तर चष्मेही जातील आणि मार्चअखेर तीही जाईल."

एकतीस वर्षं मी कुमासीच्या या कॉलेजात खऱ्या देहांवर शिकवलं. माझ्या शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये कोणी हसतखेळत काही आणून ठेवलं की त्यामागे काय आहे ते मी आधी बघतो. म्हणून ही वही सुरू केली आहे. जे जे खटकेल ते तारखेनिशी लिहायचं. पुरावा म्हणून उपयोगी पडेल. वही टेबलाच्या खणात राहील आणि किल्ली माझ्या खिशात.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

पहिली चाचणी. चष्मा आधी डोळ्यांशी जुळवून घ्यावा लागतो. एक पांढरा ठिपका दिसतो, कधी या काचेत तर कधी त्या काचेत, आणि दिसला की बोटांनी चिमूट करायची. माझ्या चष्म्यातला ठिपका अर्धा वेळ गायबच होता. आफ्रिये तीनदा म्हणाली, "परत करू या, प्रोफेसर." चौथ्यांदा मीच म्हटलं, "पुरे. माल नादुरुस्त आहे, एवढं कळलं मला."

मग आळीपाळीने चष्मे घालायला देऊन यकृत दाखवलं. विद्यार्थी "आई गं!" म्हणून मागे सरकले. एक मुलगी तर हात पुढे करून हवेत यकृताखाली ओंजळ धरून उभी राहिली. मला काय दिसलं? चित्र. चांगलं रंगीत चित्र, भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं सपाट. मी हात पुढे केला तर तो भलतीकडेच गेला आणि मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. एवढी चाळीस पोरं एका चित्राकडे बघून थक्क होतात, म्हणजे एकतर ती भोळी आहेत नाहीतर आफ्रियेला खूश करतायत. परीक्षेचे पेपर आता तीच तपासते, हे लक्षात घ्यावं.

आणखी एक. आमचे डोन्कॉर, हॉलचे मदतनीस, माझ्याहून चार वर्षांनी मोठे. बेवारस देह आला की तो ज्या वारी आला त्या वाराचं नाव त्याला देतात. वाराच्या नावाशिवाय माणसाला हाक कशी मारायची, असं त्यांचं म्हणणं. चष्म्यातल्या माणसालाही त्यांनी नाव दिलं. तो गुरुवारी आला, म्हणून याव.

मीही गुरुवारीच जन्मलेला. माझंही नाव याव.

दिवसभर हॉलमध्ये चाललं होतं, "यावचं डोकं उघड," "यावच्या पोटात काही नाहीये रे." डोन्कॉर म्हणतात की योगायोग आहे. लिहून ठेवतो.

सोमवार, ९ फेब्रुवारी

गाडीचा आरसा कोणीतरी ओरबाडून ठेवला आहे. डावा. फाटकाच्या खांबाला त्याच रंगाचा ओरखडा आहे. पहारेकरी म्हणतो, "प्रोफेसर, तुम्हीच आत येताना घासलात, मी ओरडलो पण." माझ्या तोंडावर! एकतीस वर्षं त्या फाटकातून येतोय मी.

चष्म्यामुळे पोरांना नवीन खोड लागली आहे. डाव्या हातानेच यकृत उचलतात, डाव्या हातानेच हृदय फिरवतात. घरी आजीला डाव्या हाताने पाण्याचा पेला देतील का? दिला तर ती तो पेला त्यांच्या अंगावर ओतेल. मी आफ्रियेला म्हटलं, "माणसाचं काळीज डाव्या हाताने धरायला शिकवता तुम्ही?"

"प्रोफेसर, यंत्राला डावं-उजवं सारखंच."

"इथे नाही," मी म्हटलं. "इथे पहिला धडाच तो असतो. डावं म्हणजे त्या देहाचं डावं, तुमचं नव्हे. विसरलात वाटतं."

"ते कसं विसरेन?" ती म्हणाली. "पहिल्या दिवशी मी चुकले होते तेव्हा तुम्ही मला तासभर उलट्या तोंडाने उभं केलं होतं." हसत म्हणाली. हसण्याचा अर्थ लागला नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आज लिहायला लाज वाटते आहे, पण लिहितो. चेहऱ्याची नस मोकळी करून दाखवताना सुरी नसेतून गेली. सुरी टेकली असं मला वाटलं तेव्हा ती आधीच आत होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. पात्यांचा हा नवा गठ्ठा वेगळ्याच धारेचा आहे. तो कोणी मागवला, चौकशी करायची.

डोन्कॉर भांडी धुताना म्हणाले, "प्रोफेसर, हल्ली तुम्ही मान अशी तिरकी करून का बघता? कोंबडी दाणा बघते तशी."

"मानेत चमक भरली आहे."

"आणि आणखी एक. पोरं तुमच्या डाव्या बाजूला बसायला भांडतात."

हे मात्र खरं आहे आणि मला त्याचं समाधान आहे. डावीकडची पोरं फार शिस्तीची झाली आहेत. उजवीकडे कोणी कुजबुजतं, कोणी फोन बघतं, डावीकडे मात्र मला या सत्रात एकही गैरप्रकार दिसलेला नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

माझ्या मावसबहिणीच्या अंत्यविधीला गेलो होतो. मांडव, लाल-काळी कापडं, धूळ. आमच्या आईच्या कुळातली सगळी वडीलधारी रांगेत बसली होती. रीतीप्रमाणे उजव्या टोकापासून सुरुवात केली आणि एकेकाचा हात हातात घेत डावीकडे गेलो. रांग संपली तसा जाऊन बसलो.

एका तासाने घरचे दोघे पुढे आले. "कुळप्रमुखांना तू हात दिला नाहीस."

मामा! आमच्या कुळाचे प्रमुख, ज्यांनी माझी फी भरली, ज्यांच्या शब्दावर घरातली लग्नं होतात. ते म्हणे रांगेच्या शेवटच्या खुर्चीवर बसले होते, खांबाजवळ. त्यांनी हात पुढे केला होता आणि मी त्यांच्यासमोरून पाठ फिरवून गेलो. दोनशे माणसांदेखत.

मी मामांसमोर गेलो. ते म्हणाले, "याव, मी तुला बघितलं. तू मला बघितलं नाहीस."

"मामा, ती खुर्ची रिकामी होती."

"म्हणजे मी रिकाम्या खुर्चीत बसतो का आता?"

ती खुर्ची रिकामी होती. मी शपथेवर सांगेन. मी जाईपर्यंत ते तिथे नव्हतेच, नंतर कोणीतरी त्यांना आणून बसवलं. मामांनंतर प्रमुख कोण, यावरून घरात कुजबूज सुरू आहे आणि मी काही जणांच्या वाटेत येतो. तरी परतताना गाडीत मला रडू आलं. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी शाळेत गेलो, त्यांचा हात हवेत राहिला.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

सकाळी कोनाडूने पेजेचा वाडगा पुढे ठेवला. मी वर दूध ओतलं, ते वाडग्याच्या बाजूला मेजावर गेलं. तिने फडकं घेऊन पुसलं. बायको तीस वर्षांच्या संसारात कधी न बोलता फडकं फिरवते का? मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. प्रोफेसर, एकदा डोळे तपासून घ्या ना."

"डोळे?" मी तिथल्या तिथे वर्तमानपत्र उचललं आणि जाहिरातीतली सगळ्यात बारीक अक्षरं खाडखाड वाचून दाखवली. "अजून काही?"

"नाही," ती म्हणाली. "वाचता छानच."

मग हळूच बाहेर आलं. आफ्रियेने तिला फोन केला होता! माझ्या घरी, माझ्या पाठीमागे, माझ्या बायकोला! काय बोलणं झालं ते ती सांगत नाही. "काळजीने केला होता हो तिने," एवढंच. आता कळलं, डाव कुठपर्यंत पसरला आहे. म्हातारा झालाय, दिसत नाही, त्याच्या अहवालावर विश्वास ठेवू नका. असंच ना? मी डोळ्याचा तास स्वतः घेतो. डोळ्याची नस मेंदूत कुठून कशी जाते ते मी झोपेत सांगेन.

बुधवार, १८ फेब्रुवारी

मी आफ्रियेला सरळ विचारलं, "माझ्या घरी फोन कशासाठी?"

ती गडबडली. हातातली वही खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग म्हणाली, "प्रोफेसर, रागावू नका. तुमचा चष्मा दर वेळी एकाच बाजूला अडतो. एकदा उजवा डोळा मिटून बघाल का? फक्त एकदा. घरीच, कोणी नसताना."

"का?"

"बघा तर खरं."

घाबरली होती. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून खरं निसटतं. दुपारी हॉल रिकामा झाल्यावर मी कपाट उघडलं, चष्मा घातला, याव टेबलावर आडवा झाला. मग उजवा डोळा मिटला.

अंधार. डावी काच मेलेली!

दुसरा चष्मा घातला, तीच गत. तिसरा, चौथा. सहाच्या सहा चष्म्यांची डावी काच बंद. म्हणूनच सगळं सपाट दिसतं आणि ठिपका अर्धा वेळ गायब असतो. अर्धाच चालणारा माल पूर्ण म्हणून आमच्या गळ्यात मारला आहे, आणि तिला ते ठाऊक आहे.

आज फुफु दोन वाट्या खाल्ला. कोनाडू म्हणाली, "खुशीत दिसता."

शुक्रवार, २० फेब्रुवारी

अहवाल लिहिला. मुख्य वाक्य असं: "सहाही चष्म्यांच्या डाव्या काचा पूर्णपणे निकामी असून ही बाब डॉ. जुम्फो यांना ठाऊक असूनही त्यांनी ती दडवली." ते दोनदा वाचलं. मजबूत वाक्य आहे.

मग आफ्रियेच आठवत राहिली. गेल्या बारा वर्षांत सुरी धरणारा तिच्यासारखा हात मी पाहिला नाही. दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या आईच्या आजारपणात ती रोज वॉर्डात सूप घेऊन यायची, आणि मला सांगूही नको असं तिने नर्सला बजावलं होतं. अशी मुलगी असं का करेल? पण मी सहा चष्मे तपासले आहेत. सहाही माझ्याशी खोटं कसं बोलतील?

मंगळवार, २४ फेब्रुवारी

अहवाल समितीकडे गेला. आफ्रिये माझ्या दारात आली. दार वाजवलं नाही, नुसती उभी. मला ती आल्याचं कळलंही नाही. बोलली तेव्हा मी दचकलो.

"प्रोफेसर, तो अहवाल मागे घ्या."

"नोकरीची चिंता वाटते?"

"माझ्यासाठी नाही. तुमच्यासाठी सांगते. समितीसमोर हे उघडं पडायला नको."

"काय उघडं पडायला नको?"

तिचे डोळे भरून आले. "तुम्ही कोणाला दाखवून घेतलंत का, एवढंच सांगा."

"शुक्रवारी सगळ्यांनाच दाखवणार आहे," मी म्हटलं.

ती गेली. ही सरळसरळ धमकी होती. तिचे शब्द मी जसेच्या तसे वर उतरवले आहेत.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

समिती हॉलमध्येच बसली. प्राचार्या, समितीचे दोन सभासद, आफ्रिये, आणि साक्षीला मी डोन्कॉरांना बोलावलं होतं. मी म्हटलं, "भाषण करत नाही. प्रत्येकाने चष्मा घाला, उजवा डोळा मिटा आणि काय दिसतं ते सांगा."

प्राचार्यांनी घातला. उजव्या डोळ्यावर तळहात धरला. "यकृत दिसतंय."

"हा एखादा चालू असेल. दुसरा घाला."

त्यांनी दुसरा घातला. "यातही दिसतंय, प्रोफेसर."

"डोन्कॉर, तुम्ही सांगा." डोन्कॉर माझ्याशी खोटं बोलणार नाहीत. त्यांनी चष्मा चढवला, बराच वेळ बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, "दिसतंय. खाली पित्ताशयसुद्धा दिसतंय. मी काय करू, दिसतंय तर."

मी तो चष्मा त्यांच्या डोक्यावरून जवळजवळ ओढूनच घेतला. घातला. उजवा डोळा मिटला. अंधार. "हा बघा अंधार! हाच चष्मा, आत्ता या क्षणी!" मी ओरडलो असेन.

मग आफ्रियेचा आवाज आला, अगदी जवळून, पण कुठून ते कळेना.

"प्रोफेसर, उजवा डोळा उघडू नका. तसाच मिटलेला ठेवा. आणि आता चष्मा काढा."

मी चष्मा काढला. खोली दिसण्याची वाट बघत उभा राहिलो.

खोली आली नाही.

शनिवार, २८ फेब्रुवारी

वही पहिल्यापासून वाचली. ओरबाडलेला आरसा, डावा. शिस्तीची पोरं, डावीकडची. रिकामी खुर्ची, डाव्या टोकाची. सगळं तारखेनिशी, माझ्याच अक्षरात. पुरावा भक्कम आहे. आरोपी तेवढा चुकला.

मंगळवार, ३ मार्च

काचबिंदू. नेत्रविभागातल्या डॉक्टरीणबाईंना मीच कधीतरी शिकवलं होतं, त्यामुळे मला समजावून सांगताना त्यांची फार पंचाईत झाली. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने खात आत येतो, आणि एक डोळा दुसऱ्याची उणीव झाकत राहतो. डावी नस वाळून गेली आहे, ती परत येणार नाही. उजवीला कडेला नुकतीच सुरुवात आहे. रोज थेंब टाकले आणि दर तीन महिन्यांनी तपासलं तर ती टिकेल.

"आणखी वर्षभर कळलं नसतं तर?" मी विचारलं.

"प्रोफेसर, तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत आहे. मी हा तास दरवर्षी घेतो. आज मला भीती वाटली, लहानपणी विहिरीत डोकावताना वाटायची तशी. कोनाडू सोबत होती. रिक्षात तिने माझा डावा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. मी म्हटलं, "तुला माहीत होतं?" म्हणाली, "दोन महिने तुम्ही माझ्याशी नाही, माझ्या डाव्या गालाशी बोलताय असं वाटायचं. मग आफ्रियेने फोन केला, तेव्हा कळलं."

शनिवार, ७ मार्च

माफी मागायच्या रीतीप्रमाणे श्नॅप्स दारूची बाटली घेऊन मामांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बाटली उघडली नाही. म्हणाले, "अपमान असता तर बरं झालं असतं रे याव. भांडून मिटवला असता." मग उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसले, "आता दिसतो का मी?"

"दिसता, मामा."

"मग पाया पड."

पडलो. तेव्हा कुठे बाटली उघडली.

मंगळवार, १० मार्च

समिती पुन्हा बसली, माझ्या विनंतीवरून. मी आत गेलो आणि उजव्या टोकापासून सुरुवात केली. प्राचार्या, दोघे सभासद, डोन्कॉर. रांग संपली असं वाटलं तेव्हा थांबलो नाही. भिंत दिसेपर्यंत मान वळवली. शेवटच्या खुर्चीपाशी आफ्रिये उभी होती, हात पुढे करून. किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. मी तिचा हात दोन्ही हातांत धरला. बोलायचं ठरवून गेलो होतो, त्यातलं निम्मंच आलं. "मी तुम्हाला लबाड म्हटलं," मी म्हणालो. "लेखी म्हटलं. मला माफ करा."

"प्रोफेसर," ती म्हणाली, "डावं म्हणजे कोणाचं डावं, हे मी आधीच विचारायला हवं होतं." आणि हसता हसता रडायला लागली. डोन्कॉरांनी खिशातून हात पुसायचं फडकं काढून तिला दिलं, ते बघून मलाही राहवेना.

जुना अहवाल मी फाडला. नवा अहवाल एकाच ओळीचा होता, तो प्राचार्यांनी मोठ्याने वाचला: "सहाही चष्म्यांच्या डाव्या काचा उत्तम आहेत." खाली माझी सही. त्यांनी विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, "एक अट आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी आधी एक डोळा मिटून बघायचं, मग दुसरा. आणि डावीकडच्या पोरांच्या जागा मी उद्यापासून बदलणार आहे." चष्मे राहिले. आफ्रियेच्या नेमणुकीच्या कागदावर तिथेच सही झाली.

मग पुढची कामं निघाली आणि बैठक तासभर चालली. आफ्रिये माझ्या डाव्या हाताला बसली होती. ती काय लिहिते आहे, कोणाला खूण करते आहे, हे बघायला मी एकदाही मान वळवली नाही.